एकच वही, चार हात : अनेकांनी मिळून वापरायच्या डेटाबेसची बांधणी

दसरा होऊन चार दिवस झाले होते. लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनची पोती गाळ्यातून ओसंडून रस्त्यावर आली होती, आणि मी एका आडत दुकानाच्या माडीवर बसून मीच लिहिलेलं सॉफ्टवेअर खोटं का बोलतंय ते शोधत होतो. एका शेतकऱ्याच्या खात्यावर सकाळी १८,००० रुपये जमा होते. दुपारी मुनीमजींनी त्याच्या मालाची ४२,००० ची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) केली. त्याच मिनिटाला खाली गल्ल्यावरच्या पोरानं त्याला ५,००० ची उचल देऊन ती नोंदवली. दोघांच्याही पडद्यावर ‘सेव्ह झालं’ असं आलं. खात्यावर बाकी उरली १३,०००.

दोन्ही संगणकांनी आपापली बेरीज-वजाबाकी बरोबर केली होती. मुनीमजींच्या संगणकानं १८,००० वाचले, ४२,००० मिळवले आणि ६०,००० लिहिले. गल्ल्यावरच्या संगणकानंही तेच १८,००० आधी वाचून ठेवले होते. त्यानं ५,००० वजा केले आणि ६०,००० च्या डोक्यावर १३,००० लिहून टाकले. खरी बाकी होती ५५,०००. लाल अक्षरातली एकही सूचना आली नाही, कारण डेटाबेसच्या लेखी काही बिघडलंच नव्हतं. आधी एकानं लिहिलं, मग दुसऱ्यानं. याला लॉस्ट अपडेट म्हणतात. तो सापडायला मला दोन दिवस लागले.

मुनीमजी एवढंच म्हणाले, “साहेब, वहीत असं झालं नसतं. बाकी खोडून नवी लिहायची पद्धतच नाही वहीत.” तेव्हा मला ते टोचलं. पण पुढची सगळी दुरुस्ती त्याच बोलण्यावर उभी राहिली. खाली ती दुरुस्ती क्रमानं लिहिली आहे. उदाहरणं आडतीची आहेत. पतसंस्था, दूध संकलन केंद्र, दवाखाना, बियाण्यांचं दुकान, जिथं तीन ते तीस माणसं एकाच माहितीवर हात चालवतात तिथं क्रम हाच लागतो.

पायरी १ : कोड लिहायच्या आधी दुकानात दिवसभर बसा

एक कोरा कागद घ्या. आवक, काटा, लिलावाचा भाव, पट्टी, उचल, खरेदीदाराची वसुली, बारदाना अशी प्रत्येक नोंद एकाखाली एक लिहा. समोर तीन गोष्टी मांडा: कोण लिहितं, कोण नुसतं बघतं, आणि दोघं एकाच वेळी हात घालू शकतात का. हे मालकाला विचारून भरू नका. मालक सांगतात, “पट्टी फक्त मुनीमजी करतात.” गर्दीच्या दिवशी प्रत्यक्षात मुनीमजींचा पुतण्याही करत असतो, तेही त्यांच्याच पासवर्डनं.

कागद भरला की जीव भांड्यात पडतो, कारण बहुतेक नोंदी कुणाशी भिडतच नाहीत. हजार आवक नोंदी हजार वेगवेगळ्या ओळी असतात. धोक्याच्या जागा बहुधा तीनच निघतात: सगळे मिळून बदलतात असा आकडा (बाकी, साठा), सगळे मिळून ओढतात असा क्रमांक (पट्टी, पावती), आणि दोघांनी उघडून ठेवलेला एकच कागद (भाव दुरुस्ती, शेतकऱ्याची माहिती). या तिन्हींवर लाल पेनानं खूण करा. मेहनत तिथं लागणार आहे.

पायरी २ : माहिती कुठं राहणार ते ठरवा

सामायिक फोल्डरमध्ये फाइल ठेवायची आणि चार संगणकांनी ती उघडायची, हा आपल्याकडचा लाडका मार्ग. एक्सेलसाठी तर विचारही करू नका. मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस असेल तर निदान दोन तुकडे करा: टेबलं एका फाइलमध्ये सामायिक जागी, आणि फॉर्म-अहवालांची फाइल प्रत्येकाच्या संगणकावर वेगळी. तरी फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, आणि लिहिता लिहिता एखाद्या संगणकाची केबल निघाली तर फाइल खराब होण्याची भीती कायम. एसक्यूलाइट हा एकाच फाइलमध्ये मावणारा डेटाबेस मला फार आवडतो, पण एका संगणकापुरता. त्यात एका क्षणी एकच जण लिहू शकतो, आणि नेटवर्कवरच्या फोल्डरमध्ये फाइलची कुलपं भरवशाची नसतात असं त्याचे निर्मातेच सांगतात.

म्हणून पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी, म्हणजे सर्व्हरवर चालणारे डेटाबेस. दोन्ही फुकट आहेत. यात फाइलला हात एकटा सर्व्हर लावतो आणि बाकीचे त्याला विनंती करतात. फरक सगळा इथंच पडतो. दुकानातला एक बरा संगणक सर्व्हर करा आणि त्यावर कुणाला टायपिंग करू देऊ नका. वायफायऐवजी केबल ओढा. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा बांधून टाका, नाहीतर लाइट जाऊन आली की सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि सकाळी सकाळी फोन येतो, “सॉफ्टवेअर उघडंना.” सर्व्हरला यूपीएस हवाच. राउटर आणि स्विचलाही हवा, हे मात्र सगळे विसरतात. पक्की झालेली नोंद लाइट गेली तरी टिकावी म्हणून हे डेटाबेस आधी नोंदीचा लॉग डिस्कवर लिहितात. वेग वाढवायच्या नादात एफसिंक (लिहिलेलं खरंच डिस्कवर गेलं याची खात्री करणारं सेटिंग) बंद करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

गाळे तीन तालुक्यांत असतील तर सर्व्हर क्लाउडवर न्या. एकाच छताखाली असाल तर दुकानातला संगणक पुरतो.

पायरी ३ : बाकीचा रकाना काढून टाका

मुनीमजींच्या बोलण्याचा अर्थ मला इथं कळला. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार घडतील तसे एकाखाली एक उतरतात. खतावणीतली बाकी त्यांच्या बेरजेतून निघते. चूक झाली तर आकडा खरवडत नाहीत, उलट नोंद टाकतात. मी मात्र शेतकऱ्याच्या टेबलात ‘बाकी’ असा रकाना केला होता आणि चौघांच्या हातात खोडरबर दिलं होतं.

आता खात्याचं टेबल असं आहे: नोंद क्रमांक, खाते क्रमांक, तारीख, प्रकार (पट्टी, उचल, रोख, उलट नोंद), रक्कम, कुणी केली, कधी केली, आणि उलट नोंद असेल तर मूळ नोंदीचा क्रमांक. पट्टीची +४२,००० ची एक ओळ, उचलीची −५,००० ची दुसरी. त्या कुठल्याही क्रमानं पडल्या तरी एकमेकींना पुसू शकत नाहीत. बाकी म्हणजे त्या खात्याच्या ओळींची बेरीज. “दर वेळी बेरीज केली तर संगणक दमेल ना?” असं हमखास विचारतात. खाते क्रमांकावर इंडेक्स (पुस्तकामागं असते तशी सूची) असेल तर काही लाख ओळींचं टेबलही एका खात्याची बेरीज डोळ्याची पापणी लवायच्या आत देतं. फारच वाढलं तर वर्षअखेरीची बाकी ‘मागील बाकी’ म्हणून एका ओळीत पुढं ओढा, वहीत ओढतात तशीच.

रक्कम आणि वजन फ्लोट या अंदाजे दशांश साठवणाऱ्या प्रकारात ठेवू नका. ०.१ आणि ०.२ मिळवले तर तिथं बरोबर ०.३ येत नाही. दशांश नेमके ठेवणारा न्यूमेरिक प्रकार घ्या, नाहीतर पूर्णांकात पैसे आणि ग्रॅम.

ओळखीच्या क्रमांकाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण यात आपल्या भागातली दुखणी आहेत. एका गावात त्याच नावाचे, त्याच आडनावाचे दोघं तिघं सहज निघतात, कधी वडिलांचं नावही तेच. म्हणून नाव ही ओळख नव्हे; अर्थ नसलेला खाते क्रमांक हीच ओळख, आणि शोधायच्या पडद्यावर गाव, मोबाइल, गट नंबर सोबत दाखवायचे. गाव-तालुका-जिल्हा यांचं नाव प्रत्येक ओळीत लिहू नका, त्यांचं वेगळं टेबल करून क्रमांकानं जोडा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा ज्यांनी असं टेबल केलं होतं त्यांचं काम दोन ओळींत संपलं. बाकीच्यांच्या अहवालात एकच जिल्हा कित्येक महिने दोनदा येत होता.

दुसरं दुखणं डोळ्याला दिसतच नाही. ‘गोऱ्हे’ हे आडनाव एका कळफलकावर ऱ, हलन्त, ह असं उमटतं आणि दुसऱ्यावर र, हलन्त, न दिसणारं जोडचिन्ह, ह असं. कागदावर दोन्ही सारखेच, डेटाबेसला दोन वेगळी माणसं. ‘ॲ’ हे अक्षरही काही ठिकाणी अ वर चंद्र देऊन टाइप होतं. युनिकोडचं एनएफसी रूप (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एक करायची प्रमाण पद्धत) केलं तरी या जोड्या एक होत नाहीत. त्यामुळं नाव साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही वेळा या बदल्या स्वतः करून घ्याव्या लागतात. खाली पोरानं ‘सापडलं नाही’ म्हणून नवीन खातं उघडलं की एकाच शेतकऱ्याची उचल एका खात्यावर आणि पट्टी दुसऱ्यावर जाते.

पायरी ४ : नियम पडद्यावर नको, डेटाबेसात हवा

एका काटापट्टीच्या (वजनाच्या चिठ्ठीच्या) दोन पट्ट्या झाल्या होत्या. संगणक मंद चालत होता, बटण दोनदा दाबलं गेलं. माझ्या कोडमध्ये तपासणी होती: या काटापट्टीची पट्टी आधी झाली आहे का बघ, नसेल तर कर. पण बघणं आणि करणं यांच्यामध्ये फट असते, आणि त्या फटीत दुसरी विनंतीही ‘नाही’ असंच उत्तर घेऊन गेली. तपासण्या कितीही वाढवल्या तरी ही फट बुजत नाही. पट्टीच्या टेबलात काटापट्टी क्रमांकावर युनिक (दुबार न चालणारं) बंधन घाला; दुसरी ओळ डेटाबेस स्वतःच नाकारतो. मग कोडनं तो नकार ओळखायचा आणि ‘ही पट्टी आधीच झाली आहे, दाखवू का?’ असं विचारायचं. याच धर्तीवर रक्कम शून्य नको, वजन ऋण नको, नसलेल्या खात्यावर नोंद नको. ही बंधनं टेबल करतानाच घाला. उद्या कुणी मोबाइल ॲप जोडलं तर ती त्यालाही लागू होतात.

क्रमांकाचं मात्र नीट समजून घ्या. ‘शेवटचा क्रमांक अधिक एक’ ही पद्धत दोन माणसं आली की मोडते, दोघांनाही तोच आकडा मिळतो. डेटाबेसचा सिक्वेन्स, म्हणजे क्रमांक वाटणारी आतली सोय, कधी दुबार देत नाही, पण व्यवहार अर्ध्यात रद्द झाला तर घेतलेला क्रमांक परत येत नाही आणि मालिकेत खड्डा पडतो. आतल्या ओळख क्रमांकासाठी खड्डे चालतात. जीएसटीच्या बिलाला चालत नाहीत: तो क्रमांक सलग, आर्थिक वर्षात न दुबारणारा आणि १६ अक्षरांच्या आत असावा लागतो. त्यासाठी मी ‘मालिका’ नावाचं छोटं टेबल ठेवतो, गाळा आणि आर्थिक वर्ष यांना मिळून एक ओळ. त्या ओळीतला शेवटचा क्रमांक बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळ्या मिळून पक्क्या किंवा रद्द होणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्यात), अगदी शेवटी, १ ने वाढवायचा. व्यवहार रद्द झाला तर वाढही रद्द होते. दुसऱ्याला काही मिलिसेकंद थांबावं लागतं, ते कुणाला कळत नाही. झालेलं बिल रद्द करायचं असेल तर ते पुसू नका, क्रमांकासह ‘रद्द’ म्हणून राहू द्या.

पायरी ५ : ट्रान्झॅक्शन छोटं ठेवा

एक पट्टी म्हणजे मुख्य ओळ, हमाली-तोलाईच्या कपाती, शेतकऱ्याच्या खात्यातली जमा आणि खरेदीदाराच्या खात्यातलं येणं. हे सगळं व्हावं, नाहीतर काहीच होऊ नये. त्यासाठी एक ट्रान्झॅक्शन. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

माझी चूक पुढची. पट्टीचा पडदा उघडताच मी ट्रान्झॅक्शन सुरू करत होतो आणि शेतकऱ्याच्या ओळीला कुलूप लावत होतो, म्हणजे दुसरं कुणी मधे येऊ नये. मुनीमजी अर्धी पट्टी भरून चहाला गेले. खाली त्याच शेतकऱ्याची उचल अडकली, तिच्यामागं आणखी दोन कामं अडकली, आणि गल्ल्यावरून आवाज आला, “काय व्हायलंय कळंना, सगळं थिजलंय.” माणूस विचार करतोय, फोनवर बोलतोय, चष्मा शोधतोय, त्या वेळात ट्रान्झॅक्शन उघडं नको. सगळी माहिती आधी पडद्यावर गोळा करा. बटण दाबल्यावर सुरू करा, भराभर लिहा, कमिट (पक्कं) करा. छपाई, एसएमएस, व्हॉट्सॲप हे कमिटनंतर. प्रिंटरचा कागद अडकला म्हणून पट्टी अडकायला नको. पोस्टग्रेसमध्ये उघडं पडून राहिलेलं ट्रान्झॅक्शन ठरावीक वेळानं तोडायची सोय आहे, पण मूळ सेटिंगमध्ये ती बंद असते. मी ती ३० सेकंदांवर ठेवतो.

पायरी ६ : दोघं एकाच ओळीवर आले तर

दोन उपाय आहेत आणि दोन्ही लागतात.

पहिला, आवृत्ती क्रमांक. भावासारख्या बदलणाऱ्या प्रत्येक ओळीत एक आकडा ठेवा. मुनीमजींनी ओळ उघडली तेव्हा तो ७ होता. सेव्ह करताना म्हणायचं: ही ओळ बदल आणि आवृत्ती ८ कर, पण अजून ७ असेल तरच. मधे कुणी बदल केला असेल तर शून्य ओळी बदलतात, आणि तेवढ्यावरून कोडला कळतं. कुंग आणि रॉबिन्सन या संगणकशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये मांडलेली ही आशावादी पद्धत आहे: भांडण क्वचितच होतं असं धरून आधी कुलूप लावायचं नाही, शेवटी तपासायचं. भाव, पत्ता, मोबाइल नंबर यांना हीच योग्य.

यात खरा कस लागतो तो सूचनेच्या भाषेचा. ‘त्रुटी, पुन्हा प्रयत्न करा’ वाचून माणूस तेच बटण पाच वेळा दाबतो. ‘हा भाव गेटवरून ११:४२ ला ४,४५० केला आहे. तुम्ही ४,४२० लिहिलाय. कोणता ठेवू?’ असं विचारलं की तो खिडकीतून खाली ओरडून दहा सेकंदांत भांडण मिटवतो. आणखी एक, फॉर्ममधले सगळे रकाने परत लिहू नका, बदललेलेच लिहा, आणि आवृत्ती पुढं गेलेली दिसली तर दोघांनी तोच रकाना बदललाय का ते आधी बघा. नाहीतर एकानं मोबाइल नंबर दुरुस्त केला आणि दुसऱ्यानं गाव, तरी विनाकारण टक्कर होते.

दुसरा उपाय कुलूप. मालकांचा नियम होता की एका शेतकऱ्याला एकूण उचल २०,००० च्या वर नाही. १५,००० आधीच दिलेले. दोन खिडक्यांवर एकाच वेळी ५,००० आणि ४,००० मागितले गेले. दोन्हीकडे बेरीज १५,०००, दोन्हीकडे ‘बसतंय’, आणि एकूण झाली २४,०००. इथं कुणी कुणाचं पुसलं नाही, दोन्ही ओळी नव्या होत्या. म्हणून आवृत्ती क्रमांक उपयोगाचा नाही. आधी शेतकऱ्यांच्या टेबलातली त्याची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ या आज्ञेनं कुलपात घ्या, मग बेरीज करा, मग उचल लिहा, मग कमिट. दुसरी खिडकी दारात थांबते आणि आत येते तेव्हा तिला नवी बेरीज दिसते. पोस्टग्रेस मुळात रीड कमिटेड पातळीवर चालतं, म्हणजे प्रत्येक आज्ञेला तोवर पक्कं झालेलं दिसतं, त्यामुळं कुलपानंतरची बेरीज ताजी येते. मारियाडीबीत मूळ पातळी रिपीटेबल रीड असते, म्हणजे पहिल्या वाचनाचंच चित्र ट्रान्झॅक्शनभर दिसतं. तिथं कुलूप हीच ट्रान्झॅक्शनची पहिली आज्ञा ठेवा, नाहीतर बेरीज जुन्या चित्रावर होईल. दोन्हीकडे सिरियलायझेबल (व्यवहार जणू एकामागून एक झाले असा निकाल देणारी) पातळी वापरता येते, पण मग नाकारलेलं ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवायची तयारी कोडमध्ये हवी.

कुलपं आली की डेडलॉक येतो. एकानं शेतकरी धरून खरेदीदाराची वाट बघायची, दुसऱ्यानं खरेदीदार धरून शेतकऱ्याची. पोस्टग्रेस साधारण एक सेकंद थांबून हा पेच तपासतं आणि एकाला बाद करतं. उपाय साधा आहे: सगळ्या कोडमध्ये कुलपं एकाच क्रमानं, लहान खाते क्रमांक आधी. तरीही झालाच तर संपूर्ण ट्रान्झॅक्शन पहिल्यापासून, जास्तीत जास्त तीनदा.

पायरी ७ : माणसं आणि अधिकार

प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या. सगळ्यांचा मिळून एक पासवर्ड असेल तर ‘कुणी केली’ या रकान्याला अर्थ राहत नाही. प्रोग्राम ज्या डेटाबेस-वापरकर्त्यानं जोडतो, त्याला खात्याच्या नोंदींच्या टेबलावर फक्त वाचायचा आणि नवी ओळ घालायचा अधिकार द्या, बदलायचा आणि पुसायचा नाही. मग उलट नोंदीशिवाय गत्यंतरच उरत नाही, मलासुद्धा. वेळ नेहमी सर्व्हरची घ्या. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपली की तो सकाळी कित्येक वर्षं मागं जाऊन उठतो.

पायरी ८ : मुद्दाम भांडण लावून बघा

एकट्यानं बसून केलेल्या चाचणीत यातलं काहीही सापडत नाही. बेरीज आणि लिहिणं यांच्यामध्ये कोडला मुद्दाम १० सेकंद थांबवा, दोन खिडक्या उघडा आणि दोन्हीकडे बटण दाबा. मग छोटी स्क्रिप्ट लिहून एकाच खात्यावर एकदम ५० उचली सोडा: मर्यादा ओलांडली गेली का, क्रमांक दुबारला का, मालिकेत खड्डा पडला का. शेवटी सेव्ह चालू असताना एका संगणकाची केबल उपटा, आणि एकदा थेट सर्व्हरचीच वीज घालवा. हे भाद्रपदात उरका. दसऱ्यानंतर यार्डात कुणाला वेळ नसतो.

बॅकअप रोज रात्री आपोआप व्हावा आणि एक प्रत दुकानाबाहेर जावी. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उतरवून काल संध्याकाळच्या बाक्या जुळतात का ते बघा. टेबलाची रचना बदलायची तर बाजार बंद असेल त्या दिवशी. प्रोग्रामची चालणारी आवृत्ती एका टेबलात लिहून ठेवा, म्हणजे कोपऱ्यातल्या संगणकावर राहून गेलेला जुना प्रोग्राम उघडतानाच अडतो.

पायरी ९ : पंधरा दिवस वही आणि संगणक, दोन्ही

नवी रचना सुरू केली तेव्हा मुनीमजींनी रोजकीर्द बंद करायला साफ नकार दिला, आणि ते बरंच झालं. रोज दिवे लागणीला आम्ही दोन्ही जुळवायचो. तिसऱ्या दिवशी ३ रुपयांचा फरक निघाला. मी म्हटलं, “तीनच रुपये आहेत, काका.” ते जागचे हलले नाहीत. रात्री नऊपर्यंत एकेक पट्टी काढली तेव्हा कळलं की ते हमाली आणि तोलाई वेगवेगळी रुपयात पूर्ण करतात, आणि माझा प्रोग्राम पैसे तसेच ठेवून फक्त शेवटची बेरीज पूर्ण करत होता. पट्टीवर छापलेल्या कपाती एक होत्या आणि टेबलातल्या दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडायच्या आत पूर्ण करायचा नियम प्रत्येक कपातीच्या ओळीवर नेला, आणि पट्टी छापताना आकडा पुन्हा न काढता साठवलेलाच घ्यायला सुरुवात केली.